नऊ मित्रांचे भोजनमंडळ

संस्था काढावयाची म्हणजे आधी घटना, मग नियमावली, मग कार्यकारी मंडळाची निवडणूक आणि वर्षअखेर हिशेबतपासनिसाचा दाखला, हा शिरस्ता इंग्रजी अमदानीत आपल्या अंगी इतका मुरला आहे, की ज्यांच्यापासून आपण तो उचलला त्यांच्याच राजधानीत, ३ नोव्हेंबर १८६४ रोजी, अल्बेमार्ल स्ट्रीटवरील सेंट जॉर्ज हॉटेलात आठ शास्त्रज्ञ जेवावयास जमले आणि आपल्या मंडळास कोणताही नियम असू नये एवढाच एक नियम त्यांनी मान्य केला, हे वाचताना मौज वाटल्यावाचून राहत नाही. पुढे कोणीतरी सभावृत्तांत ठेवण्याची सूचना केली, तेव्हा ती या एकमेव नियमाचा भंग करणारी ठरून नामंजूर झाली. असे हे बिनघटनेचे मंडळ अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ चालले, सुमारे २४० वेळा भोजनास बसले, आणि त्या अवधीत इंग्लंडातील शास्त्रीय जगताचा कारभार बऱ्याच अंशी त्याच्या सभासदांच्या हाती आला.

प्राणिशास्त्रज्ञ टॉमस हेन्री हक्स्ली, वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर, पदार्थविज्ञानवेत्ते जॉन टिंडल, रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड, गणिती टॉमस हर्स्ट, शस्त्रवैद्य आणि जीवाश्मांचे अभ्यासक जॉर्ज बस्क, पेढीवाले व निसर्गाभ्यासक जॉन लबक आणि तत्त्ववेत्ते हर्बर्ट स्पेन्सर हे ते आठ जण. दुसऱ्या बैठकीस विल्यम स्पॉटिसवुड हे गणिती, ज्यांच्या घराण्याकडे राणी सरकारच्या छपाईचा मक्ता होता, येऊन मिळाले. स्पेन्सर सोडले तर सर्वच रॉयल सोसायटीचे सभासद होते. दहावी जागा भरावयाचे सर्वांच्या मनात होते; परंतु ज्याच्या नावावर नऊही जणांचे एकमत व्हावे असा दहावा मनुष्य अखेरपर्यंत सापडला नाही.

इतिहासकार या मंडळाकडे बहुधा कारस्थानाच्या दृष्टीने पाहतात. डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये निघाला, त्यावर धर्मपीठांनी काहूर उठविले, आणि शास्त्राला धर्माज्ञेच्या दाव्यातून सोडविण्यासाठी या नवांनी एकजूट केली, ही मांडणी खोटी नाही. पहिल्या भोजनानंतर हर्स्टने आपल्या रोजनिशीत जे टिपून ठेवले त्यातही, मैत्रीखेरीज आपणांस जोडणारे दुसरे सूत्र म्हणजे धर्ममतांच्या बंधनांतून मुक्त अशा शास्त्राची निष्ठा, असा आशय आहे. तरी पण मला या मांडणीत क्रम उलटा झाल्यासारखा वाटतो. हर्स्ट मैत्री गृहीत धरतो आणि निष्ठा तिच्या जोडीला मांडतो. त्याच वर्षाच्या जानेवारीत हक्स्लीने हूकरपाशी जी तक्रार केली होती तीही डार्विनविरोधकांबद्दल नव्हती. एका शहरात राहून आपली गाठ पडत नाही, काही तजवीज केली नाही तर आपण एकमेकांस दुरावू, ही ती तक्रार होती. चाळिशीच्या उंबरठ्यावरील, प्रपंच आणि पदे यांच्या ओझ्याखाली दबू लागलेल्या माणसांची ती तक्रार होती, आणि मंडळाचा उगम तिच्यात आहे.

या मैत्रीची मुळे मागे बरीच दूरवर जातात. हॅलिफॅक्स येथे एका जमीन-मोजणीदाराच्या कचेरीत, रेल्वेमार्ग आखण्याच्या धामधुमीच्या काळात, टिंडल नोकरीस होता आणि त्याच कचेरीत हर्स्ट नावाचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा उमेदवारी करण्यास आला; दोघांच्या वयांत दहा वर्षांचे अंतर असूनही तेव्हा जुळलेले सूत हर्स्टच्या मृत्यूपर्यंत तुटले नाही. टिंडल पुढे हँपशायरमधील क्वीनवुड कॉलेजात शिक्षक झाला. तेथे फ्रँकलंड त्याचा सहकारी होता. एकाने दुसऱ्यास रसायन शिकवावे आणि दुसऱ्याने पहिल्यास गणित, असा करार करून हे दोघे पहाटे उठून अभ्यास करीत, आणि १८४८ मध्ये गाठीची शिल्लक घेऊन दोघेही जर्मनीत मारबुर्ग येथे बुन्सेनच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. मागाहून हर्स्टही तेथेच गेला व पदवी घेऊन आला. हक्स्ली, हूकर आणि बस्क यांचे नाते निराळ्या पाण्यावरचे होते. तिघेही आरमारी वैद्य होते. हूकर 'एरेबस' जहाजातून दक्षिण ध्रुवप्रदेशाकडे जाऊन आला, हक्स्लीने 'रॅटलस्नेक'वरून ऑस्ट्रेलियाचा किनारा पाहिला, आणि बस्कने ग्रिनिचला नांगरलेल्या खलाशांच्या इस्पितळ-जहाजावर वर्षानुवर्षे काढली. ऑक्सफर्ड-केंब्रिजची सनद आणि वडिलोपार्जित वतन या दोहोंखेरीज केवळ विद्येच्या बळावर वर आलेली ही माणसे होती. स्पॉटिसवुड आणि लबक हे अपवाद. पण लबकच्या पदरी डाउन गावी डार्विनचा शेजार होता, आणि त्या मंडळींत तो वशिला कोणत्याही पदवीहून मोठा मानला जाई.

१८५७ च्या उन्हाळ्यात हर्स्टची तरुण पत्नी क्षयाने वारली. टिंडल त्या वेळी शामोनीच्या वरच्या अंगास मेर द ग्लास या हिमनदीची गती मोजण्याच्या कामात होता. त्याने हर्स्टला सोबत घेतले. बर्फात खुंट ठोकावयाचे, दुर्बिणीतून त्यांचे स्थान टिपावयाचे, दुसऱ्या दिवशी ते किती सरकले ते मोजावयाचे आणि कडाक्याच्या थंडीत कागदावर आकडे मांडावयाचे, हे काम हर्स्ट कित्येक आठवडे करीत राहिला. हॅलिफॅक्सच्या कचेरीत दोघांनी जो धंदा केला होता तोच, जमिनीऐवजी वाहत्या बर्फावर. सांत्वनाचे शब्द टिंडलपाशी किती होते कोण जाणे, पण शोकाकुल मित्राच्या हाती मोजणीचे यंत्र द्यावे हे त्याला नेमके सुचले.

मंडळाचे बारसे मात्र सुखासुखी झाले नाही. कोणी गर्भशास्त्रातला एक अवजड शब्द सुचविला, कोणी आणखी काही. अखेरीस बस्कच्या पत्नीने 'एक्स क्लब' हे नाव सुचविले, आणि ते कशालाच बांधून घेत नसल्यामुळे सर्वांस मानवले. बीजगणितात आपण ज्या अज्ञात राशीस 'क्ष' म्हणतो तीच ही. जुलै, ऑगस्ट व सप्टेंबर हे तीन महिने वगळून दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सायंकाळी सहा वाजता भोजन असे. त्याच रात्री रॉयल सोसायटीची सभा असल्यामुळे जेवण आटोपून मंडळी चालत तिकडे जात. चिटणीस व खजिनदार एकच, आणि तो पाळीपाळीने बदले. त्याने पाठवावयाच्या पोस्टकार्डावर मायना नाही, विषय नाही, 'एक्स बरोबर ५' एवढे समीकरण असे, आणि ते वाचून पाच तारखेस जेवण आहे असे समजावयाचे. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी सपत्नीक सहल निघे, तेव्हा त्याच समीकरणात बायकांसाठी आणखी एका राशीची बेरीज होई. बर्नहॅम बीचेसच्या वनराईत किंवा विंडसरच्या बाजूस, झाडाखाली बसून हक्स्ली कविता वाचून दाखवीत आहे आणि स्पेन्सर, जो एरवी संभाषण असह्य झाले की कानांत बोळे घालून बसे, तोही मोकळेपणाने हसत आहे, हे चित्र ज्यांनी या नवांना केवळ जाडजूड ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर पाहिले आहे त्यांना जरा अविश्वसनीय वाटेल.

पंगतीस पाहुणेही येत. डार्विन आला, गणिती क्लिफर्ड आला, बायबलातील आकडेमोडीवर शंका घेतल्याबद्दल पाखंडी ठरलेला बिशप कोलेन्सो आला, जर्मनीहून हेल्महोल्त्स आला. जेवताना रॉयल सोसायटीत कोणास निवडावे, ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदी कोणास बसवावे, याची खलबते होत असत हे निःसंशय. १८७३ पासून १८८५ पर्यंत हूकर, स्पॉटिसवुड आणि हक्स्ली हे रॉयल सोसायटीचे लागोपाठ तीन अध्यक्ष या नऊ जणांतले होते. ब्रिटिश असोसिएशनची अध्यक्षपदे मोजली तर तो आकडा पाचावर जातो. १८८२ मध्ये डार्विनचे दफन वेस्टमिन्स्टर ॲबीत झाले ते लबकच्या खटपटीने, आणि शवपेटीच्या दहा मानकऱ्यांत चौघे या मंडळाचे होते. हक्स्लीने पुढे एक किस्सा सांगितला आहे: अथेनियम क्लबात दोन शास्त्रज्ञ आपसांत बोलत होते, हे एक्स क्लबवाले करतात तरी काय, असे एकाने विचारले, तेव्हा दुसरा म्हणाला की शास्त्राचा कारभार तेच हाकतात आणि एकंदरीत बरा हाकतात. शेजारी बसलेल्या हक्स्लीने हे सगळे ऐकले होते. एवढ्या सत्तेबद्दल त्यांच्यावर रोष नव्हता असे नाही. नऊ जणांच्या जेवणावर एका राष्ट्राच्या विद्वत्सभेची पदे ठरावीत हे आजच्या दृष्टीने समर्थनीय नाही, आणि त्या काळीही ते सर्वांस रुचत नसे.

परंतु सत्तेच्या या हिशेबात काही नोंदी बसत नाहीत. १८७२ मध्ये सरकारी बांधकाम खात्याचा प्रमुख एर्टन याने क्यू येथील वनस्पति-उद्यानाच्या कारभारात हूकरची अडवणूक व मानहानी चालविली, तेव्हा टिंडलने प्रमुख शास्त्रज्ञांच्या सह्यांचा अर्ज उभा केला आणि लबकने पार्लमेंटात प्रश्न लावून धरला. हक्स्ली कामाच्या ओझ्याने खचला तेव्हा डार्विनच्या पुढाकाराने मित्रांनी २,१०० पौंड जमवून, त्याला ओशाळे वाटू नये अशा बेताने, त्याच्या खात्यात भरले, आणि १८७३ च्या उन्हाळ्यात हूकर त्याला फ्रान्समधील ओव्हेर्नच्या मृत ज्वालामुखींच्या मुलखात हवापालटास घेऊन गेला. स्वतः हूकर तेव्हा रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदाच्या वाटेवर होता, घरी कामाचे ढीग होते. तरी तो गेला.

१८८३ मध्ये स्पॉटिसवुड विषमज्वराने वारला. १८८६ मध्ये बस्क गेला. रिकाम्या जागा भराव्यात की काय, हा प्रश्न मग वारंवार निघू लागला. तेव्हा एकाने तोडगा काढला तो असा, की जुन्या सभासदांच्या नावांत जी व्यंजने नाहीत ती सर्व ज्याच्या नावात येतात अशा गृहस्थाचाच विचार करावा. कोणी स्लाव्ह मित्र नसल्यामुळे प्रश्न तेथेच मिटला, असे हक्स्ली म्हणतो. थट्टा खरी, पण तिच्या आडून झालेला निर्णय गंभीर होता. कोणत्याही शहाण्या संस्थाचालकाने या प्रसंगी तरुण रक्ताची भरती केली असती, शास्त्राच्या कार्याचे नाव पुढे केले असते आणि मंडळ आणखी पन्नास वर्षे जगविले असते. या मंडळींना आपल्या आठवणींच्या पंगतीस नवखा माणूस नको होता. हॅलिफॅक्स, क्वीनवुड आणि हिमनदीवरचे खुंट ज्याने पाहिले नाहीत, त्याला प्रत्येक विनोद समजावून सांगत बसण्यापेक्षा मंडळ आपल्याबरोबर संपावे, हे त्यांनी पत्करले. आणि ज्यांची कामे आधीच मोठ्या संस्थांच्या दप्तरांत जमा झाली होती त्यांना हा निवाडा करणे सोपेही होते.

उतारवयात तंटाही झाला. १८८९ मध्ये 'टाइम्स'च्या स्तंभांतून जमिनीच्या मालकीवर वाद पेटला, त्यात हक्स्लीने स्पेन्सरच्या सिद्धांतशैलीची जाहीर खिल्ली उडविली आणि स्पेन्सर इतका दुखावला की मंडळ सोडण्याची भाषा करू लागला. टिळक-आगरकरांची ताटातूट ज्यांच्या वाचनात आहे त्यांना अशा भांडणाची तीव्रता समजावून सांगण्याची गरज नाही. येथे मात्र मित्रांनी मध्यस्थी चालू ठेवली आणि दोघांच्या हयातीतच समेट झाला.

तोपर्यंत उरलेले सभासद पांगले होते. हक्स्ली १८९० मध्ये ईस्टबोर्नच्या समुद्रकाठी राहावयास गेला, टिंडल हाइंडहेडच्या माळावर, हूकर सनिंगडेलला, फ्रँकलंड रायगेटला. लंडनात रात्रीचे जेवण म्हणजे मुक्काम आला, आणि थंडीत मुक्काम म्हणजे खोकला. हर्स्ट फेब्रुवारी १८९२ मध्ये गेला. मार्च १८९३ च्या भोजनास हूकर आणि फ्रँकलंड असे दोघेच आले, आणि ते शेवटचे. त्या वर्षाच्या डिसेंबरात टिंडलच्या पत्नीने रोजच्या औषधाच्या जागी चुकून क्लोरलची मोठी मात्रा दिली व तो मरण पावला. पुढच्याच महिन्यात हक्स्लीने त्याच्यावर मृत्युलेख लिहिला. एक्स क्लबाच्या नावाची, समीकरणांची आणि व्यंजनांची हकीगत आज आपल्याला जी ठाऊक आहे तिचा बराच भाग त्या लेखातला आहे. शोध, सिद्धांत, पदके यांवर त्यात मजकूर आहेच. पण लेखकाची लेखणी रेंगाळते ती जेवणाच्या गप्पांपाशी.

स्वतः हक्स्ली २९ जून १८९५ रोजी वारला. बाराच दिवस आधी, १७ जूनला, पुण्यात गोपाळ गणेश आगरकर वारले होते, ज्यांनी मिल आणि स्पेन्सर यांचे ग्रंथ मराठी वाचकाच्या विचारात भिनविले. फ्रँकलंड १८९९ मध्ये गेला. स्पेन्सरच्या अंत्यविधीस, डिसेंबर १९०३ मध्ये, मुंबईत शिकलेले श्यामजी कृष्णवर्मा हजर होते, आणि त्यांनी ऑक्सफर्डमध्ये त्याच्या नावे व्याख्यानमाला चालविण्यासाठी १,००० पौंड देऊ केले. आपला सात खंडांचा हिंदुस्थानच्या वनस्पतींचा कोश १८९७ मध्ये संपवून हूकर तेरड्याच्या वंशातील अगणित जाती निवडीत बसला, आणि त्याच कामात १९११ मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णव्या वर्षी, त्याला मरण आले. पहिल्या भोजनास जो अवघा तीस वर्षांचा होता तो लबक, बँक हॉलिडेचा कायदा करवून घेणारा, लॉर्ड एव्हबरी होऊन १९१३ मध्ये वारला. मंडळाचा खजिना कोणाकडे वर्ग करावयाचा हा प्रश्न निघाला नाही. तो दर महिन्याच्या जेवणातच खर्ची पडत आला होता.