सीमेवरचे शेजारी: फर्मॅना काउंटी, १९६९ ते १९९८

भारताच्या फाळणीच्या प्रकरणात तुम्ही माउंटबॅटन यांचे नाव अनेकदा वाचले असेल. त्यांचा शेवट कसा झाला, हे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. २७ ऑगस्ट १९७९ रोजी आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मुलाघमोर येथे आयरिश रिपब्लिकन आर्मीने, म्हणजे आयआरएने, त्यांची बोट बॉम्बने उडवली. या स्फोटाने एकूण चार जणांचा बळी घेतला. त्यांत १५ वर्षांचा एक मुलगा होता. शाळेच्या सुट्टीत तो बोटीवर कामाला होता आणि तो एनिस्किलनचा होता. एनिस्किलन हे सीमेपलीकडच्या, उत्तर आयर्लंडमधील फर्मॅना काउंटीचे मुख्य गाव. या पाठात आपण त्याच काउंटीकडे पाहणार आहोत.

उत्तर आयर्लंडच्या संघर्षावरील बहुतेक पुस्तके बेलफास्ट आणि डेरी या शहरांभोवती फिरतात. तेथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्या वेगळ्या आहेत, मध्ये भिंती आहेत. फर्मॅनाचे तसे नाही. अर्न सरोवर, ओलसर कुरणे, दुभती जनावरे, विखुरलेली घरे आणि जेमतेम ५० हजारांची वस्ती. एका शेताच्या कुंपणाला दुसऱ्या धर्माच्या माणसाचे शेत लागून असते. गवत कापायच्या दिवसांत यंत्र एकमेकांकडून मागून आणले जाई. अशा ठिकाणी हिंसा सुरू होते तेव्हा मारणाऱ्याला मरणाऱ्याचा दिनक्रम ठाऊक असतो, निदान तो सांगणारा कोणीतरी असतो. फर्मॅनाचा इतिहास शहरांहून वेगळा वाचावा लागतो तो यामुळेच.

आधी सीमेची हकीकत पाहू. १६०९ नंतर इंग्रज सत्तेने अल्स्टर प्रांतात प्रोटेस्टंट वसाहतकरी आणून बसवले, मग्वायर घराण्याच्या जमिनी वाटल्या गेल्या. तरीही १९११ च्या जनगणनेत फर्मॅनाची सुमारे ५६ टक्के लोकसंख्या कॅथलिकच होती. मग १९२० च्या कायद्याने आयर्लंडची फाळणी झाली तेव्हा ही काउंटी उत्तरेत का गेली? उत्तर हिशेबात आहे. अल्स्टरच्या नऊही काउंट्या घेतल्या तर प्रोटेस्टंट बहुमत फार निसटते राहत होते. चारच घेतल्या तर राज्य फार लहान होत होते. म्हणून सहा. डिसेंबर १९२१ मध्ये फर्मॅनाच्या काउंटी कौन्सिलने डब्लिनच्या संसदेशी निष्ठा जाहीर केली, तेव्हा बेलफास्टच्या सरकारने ती कौन्सिलच बरखास्त केली. पुढे सीमा आयोग बसला, पण १९२५ मध्ये त्याचा अहवाल दडपण्यात आला आणि रेषा होती तेथेच राहिली. रॅडक्लिफ यांनी पाच आठवड्यांत नवी रेषा ओढली. इथे चार वर्षे वाट पाहून जुनीच कायम झाली.

ही जुनी रेषा काउंट्यांची हद्द होती. दोन देशांमध्ये उभी राहण्यासाठी ती कोणी आखली नव्हती. पेटिगो गावातून ती ओढ्यासारख्या लहान नदीच्या मधोमध जाते. क्लोन्सहून कॅव्हनला जाणारा रस्ता काही किलोमीटरांत तिला अनेकदा ओलांडतो. ड्रमली हा मोनॅहन काउंटीचा, म्हणजे दक्षिणेचा, तुकडा. पण तेथे रस्त्याने जायचे तर फर्मॅनातूनच जावे लागते. (आपल्याकडे कूचबिहारच्या छिटमहालांबद्दल वाचलेल्यांना हे चटकन कळेल.)

बहुसंख्य असूनही कॅथलिकांच्या हाती काउंटीचा कारभार आला नाही. १९२२ मध्ये स्थानिक निवडणुकांतील प्रमाणशीर प्रतिनिधित्व रद्द झाले आणि मतदारसंघ नव्याने आखले गेले. स्थानिक मतदानाचा हक्क घराशी जोडलेला होता. आईवडिलांच्या घरात राहणाऱ्या सज्ञान मुलाला मत नसे. म्हणून कौन्सिलचे एक घर कोणाला द्यायचे, हा प्रश्न मतांचा होऊन बसला. १९६९ च्या कॅमेरून आयोगाने फर्मॅनातील एक साधी गोष्ट नोंदवली: शाळेच्या बसचे सुमारे ७५ चालक होते, त्यांत कॅथलिक फार तर सात. मला हा आकडा मोठमोठ्या भाषणांपेक्षा बोलका वाटतो. बसचालकाच्या नोकरीतही शत्रूचा शिरकाव होईल, ही भीती त्यात दिसते. हीच भीती १९३३ मध्ये फर्मॅनाचे जमीनदार बॅसिल ब्रुक यांनी उघड बोलून दाखवली आणि कॅथलिकांना कामावर ठेवू नका असे सांगितले. पुढे १९४३ ते १९६३ अशी वीस वर्षे हेच ब्रुक उत्तर आयर्लंडचे पंतप्रधान होते.

१९६९ नंतर संघर्ष पेटला. १९७१ पासून ब्रिटिश सैन्याने सीमेवरचे बहुतेक लहान रस्ते स्फोटाने खड्डे पाडून किंवा लोखंडी खांब रोवून बंद केले. आयआरएला पळवाट मिळू नये हा हेतू. पण याच रस्त्यांनी लोक चर्चला, बाजाराला, सोयरिकीत जात. गावकरी एकत्र येऊन खड्डे बुजवत, सैन्य पुन्हा उडवत असे. डेरिलिन आणि बेलटर्बेट यांना जोडणारा अगालेनचा पूल १९७२ मध्ये उडवला गेला तो मात्र प्रोटेस्टंट अतिरेक्यांनी.

१९७० मध्ये अल्स्टर डिफेन्स रेजिमेंट हे स्थानिक दल उभे राहिले. त्यातले अनेक जण अर्धवेळ सैनिक होते: दिवसा शेतकरी, दुकानदार, बसचालक आणि रात्री गणवेशात. सुरुवातीला दलात काही कॅथलिकही होते, पण १९७१ मध्ये विनाचौकशी स्थानबद्धता सुरू झाल्यावर ते बाहेर पडत गेले. आता दोन्ही बाजूंनी उभे राहून पाहा. कॅथलिक शेतकऱ्याला रात्री रस्त्यात अडवून नाव आणि पत्ता विचारणारा माणूस त्याला लहानपणापासून ओळखत असे. तो प्रश्न माहितीसाठी नव्हता, आणि दोघांनाही ते कळत होते. दुसरीकडे, या दलाचे बहुतेक सैनिक मारले गेले ते कामावर नसताना: गोठ्यात, गाडीत, घराच्या दारात.

फर्मॅनात तीस वर्षांत शंभराहून अधिक माणसे मारली गेली, बहुसंख्य आयआरएकडून. सगळीच मात्र नव्हेत. ऑक्टोबर १९७२ मध्ये न्यूटाउनबटलरजवळ दोन कॅथलिक तरुणांना भोसकून मारण्यात आले. ते कृत्य ब्रिटिश सैनिकांचे होते, हे सिद्ध होऊन शिक्षा व्हायला १९८१ उजाडले.

इथे इतिहासकारांचा खरा वाद सुरू होतो. सीमेलगतच्या प्रोटेस्टंट कुटुंबांचे म्हणणे असे, की शेत सांभाळणारे कर्ते पुरुष निवडून मारले गेले, जेणेकरून जमीन विकून लोक निघून जावेत. हे वांशिक उच्चाटन होते. आयआरएचे म्हणणे असे, की आम्ही गणवेशावर गोळी झाडली, धर्मावर नाही. हेन्री पॅटरसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी सीमेवरच्या या हिंसेचा बारकाईने अभ्यास केला आहे. माझे मत असे: उच्चाटनाची एखादी लेखी योजना होती असे दाखवता येत नाही, म्हणून तो शब्द मी वापरणार नाही. पण जिथे दल जवळजवळ पूर्णपणे एका धर्माचे आहे आणि सैनिकाला गोठ्यात गाठले जाते, तिथे ‘गणवेशावर’ हा खुलासा टिकत नाही. हेतू काहीही असो, सीमेजवळची कित्येक प्रोटेस्टंट कुटुंबे घरे सोडून आत सरकली, हा परिणाम खरा आहे.

मतपेटीतही हाच गुंता दिसतो. ९ एप्रिल १९८१ च्या पोटनिवडणुकीत तुरुंगात उपोषण करणारे आयआरएचे बॉबी सँड्स फर्मॅना आणि दक्षिण टायरोनमधून ३०,४९२ मते मिळवून निवडून आले. प्रतिस्पर्धी हॅरी वेस्ट यांना २९,०४६ मते पडली. ५ मे रोजी, उपोषणाच्या ६६ व्या दिवशी, सँड्स वारले. मते देणारे सगळे बंदुकीचे समर्थक होते का? रिंगणात दोनच उमेदवार होते आणि एक माणूस मरणाच्या दारात होता. अनेकांनी त्याचा जीव वाचावा म्हणून मत दिले. १९८३ मध्ये राष्ट्रवादी मते दोन पक्षांत फुटली आणि जागा अल्स्टर डिफेन्स रेजिमेंटचे माजी अधिकारी केन मॅगिनिस यांनी जिंकली. तरीही ज्याचा भाऊ गोठ्यात मारला गेला, त्याने १९८१ चा आकडा कसा वाचला असेल? आजूबाजूच्या प्रत्येक घराकडे पाहत त्याने मनाशी मोजणी केली असेल.

८ नोव्हेंबर १९८७ रोजी एनिस्किलनच्या युद्धस्मारकाजवळ आयआरएच्या बॉम्बने ११ जण ठार झाले. जखमी होऊन बेशुद्ध झालेला बारावा माणूस तेरा वर्षांनी वारला. मुलगी गमावलेले कापड दुकानदार गॉर्डन विल्सन यांनी सूड घेऊ नका असे सांगितले, आणि जगाच्या स्मरणात फर्मॅना म्हणजे तेच राहिले. त्यांच्या शब्दांचे मोल कमी नाही. पण क्षमा मागायलाही कोणी आले नाही, अशी घरे या काउंटीत बरीच होती, आणि त्यांच्याकडे कॅमेरे गेले नाहीत.

१९९४ च्या शस्त्रसंधीनंतर रस्ते एकेक करून उघडले. अगालेनचा नवा पूल वाहतुकीला खुला झाला तो १९९९ मध्ये, शुभ शुक्रवार कराराच्या दुसऱ्या वर्षी. मधल्या सत्तावीस वर्षांत पुलाच्या दोन टोकांवरच्या माणसांना एकमेकांकडे जायला लांबचा वळसा पडत होता. या पाठानंतरच्या स्वाध्यायासाठी १९७० च्या दशकाचा सीमाभागाचा नकाशा घ्या, आणि डेरिलिनहून बेलटर्बेटला कोणत्या वाटेने जाता येत होते ते स्वतः शोधा.