दुखणाईतांसाठी रंगवलेला क्रूस

धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना प्रभू येशूचे चित्र दाखवायचे झाले की आपण बहुधा कॅलेंडरवरचे चित्र पुढे करतो. गोरा, नीटनेटका, शांत चेहऱ्याचा प्रभू. क्रूसावर असला तरी रक्ताचे चार थेंब, बाकी अंग स्वच्छ. आम्हीही वर्षानुवर्षे हेच करत आलो. गेल्या वर्षी पॅरिशच्या यात्रेत फ्रान्समधल्या एका जुन्या शहरात आमच्या या सवयीला धक्का बसला. ती हकीकत आपणापुढे ठेवावी असे वाटले.

शहराचे नाव कोल्मार. स्ट्रासबर्गहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या अंतरावर. आमच्याबरोबर एक मावशी होत्या. मधुमेहामुळे त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली आहेत. दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर त्यांना जपून पाऊल टाकावे लागे, म्हणून आम्हीही त्यांच्या चालीने चाललो. त्यामुळे शहर मात्र नीट पाहता आले. लाकडी चौकटीत भिंत भरून उभारलेली उंच घरे, एका टोपीच्या व्यापाऱ्याने १५३७ मध्ये बांधलेले चित्रांनी मढवलेले घर, कातडी कमावणाऱ्यांची गल्ली. त्या गल्लीतल्या घरांचे वरचे माळे उघडे ठेवलेले असत, कारण तिथे कातडी वाळत घालायची असत. वाटेतल्या डॉमिनिकन चर्चमध्ये मार्टिन शोंगाउअर या चित्रकाराने १४७३ मध्ये रंगवलेली गुलाबांच्या ताटव्यातली पवित्र मरिया पाहिली. सगळ्यांचे डोळे निवले.

मग उन्तरलिंडन संग्रहालयात गेलो. तेराव्या शतकात ही वास्तू डॉमिनिकन भगिनींचा मठ होती. १८५३ पासून ती संग्रहालय आहे. मठाच्या जुन्या प्रार्थनामंदिरात शिरताच समोर क्रूसावरचा प्रभू दिसला आणि आमच्यातले दोघे-तिघे मागे सरकले. माणसापेक्षा मोठी आकृती. अंगभर काटे रुतलेले, जखमांभोवती कातडी हिरवट पडलेली, हातांची बोटे वेदनेने आकाशाकडे ताठरलेली, ओठ निळे. एकजण हळूच म्हणाले, “हे मुलांना कधी दाखवू नका.”

हे चित्र कोणासाठी काढले होते, हे कळल्यावर त्याचा अर्थ उलगडतो. कोल्मारच्या दक्षिणेला इसेनहाइम गावात संत अंतोनीच्या नावाच्या संघाचा मठ होता. (हे अंतोनी म्हणजे आपण १३ जूनला ज्यांचा सण करतो ते पादुआचे नव्हेत, हे इजिप्तच्या वाळवंटातले मठवासी, ज्यांचा सण १७ जानेवारीला येतो.) या मठवासीयांचे मुख्य काम होते ‘संत अंतोनीचा अग्नी’ या रोगाने पीडलेल्यांची सेवा. या रोगात अंगाची आग होई, हातपाय काळे पडत, कुजत आणि शेवटी कापावे लागत.

पुढे शास्त्रज्ञांना याचे कारण सापडले. राय नावाच्या धान्यावर वाढणारी बुरशी, म्हणजेच अरगट. आपले शेतकरी बांधव हे नाव ओळखतात. बाजरीच्या कणसावर चिकटा येऊन काळसर गाठी धरतात, तो याच कुळातला रोग. म्हणून तर बाजरीचे बी पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात घालून तरंगणारे दाणे काढून टाकतात. त्या काळच्या युरोपातल्या गरिबाला यातले काही ठाऊक नव्हते. त्याची रोजची भाकरीच त्याला जाळत होती. मठवासी रोग्यांना चांगले अन्न देत, मलम लावत, गरज पडली तर अवयव कापत आणि सोबत प्रार्थना करत.

अशा मठाच्या वेदीसाठी १५१२ ते १५१६ या काळात हे चित्र तयार झाले. चित्रकाराला जग माथियास ग्रुनेवाल्ड म्हणून ओळखते, पण ते त्याचे खरे नावही नव्हे. ते पुढच्या शतकातल्या एका लेखकाने चुकून दिले. लाकडात कोरलेल्या मूर्ती निक्लाउस हागेनाउर यांच्या. हे एकच चित्र नसून दारांसारख्या उघडणाऱ्या फळ्यांचा संच आहे. मिटलेला असताना क्रूस दिसे. सणाच्या दिवशी फळ्या उघडल्या की देवदूताचा शुभसंदेश, बाळ येशू आणि पुनरुत्थान दिसे. बाळाला गुंडाळलेले कापड फाटके आहे, अगदी क्रूसावरच्या प्रभूच्या कमरेच्या वस्त्रासारखे. पुनरुत्थित प्रभूची कातडी मात्र निर्मळ आहे. हातापायांच्या जखमा आहेत, पण त्यांतून प्रकाश येतो.

खालच्या पट्टीवर प्रभूचा मृतदेह कबरेत ठेवतानाचे चित्र आहे. त्या पट्टीचे दोन भाग बाजूला सरकवले की प्रभूचे पाय धडापासून वेगळे होतात, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पाय गमावलेल्या रोग्याला त्यात काय दिसत असेल?

याचे उत्तर आम्हाला पुस्तकात शोधावे लागले नाही. सगळे पुढे निघाले तरी मावशी क्रूसासमोरच्या बाकावर बसून होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “पाय कापला तेव्हा मला वाटलं होतं, देवाला हे असलं काही माहीत नसणार. त्याला माहीत आहे.”

आम्ही काहीच बोललो नाही. धर्मशिक्षण देताना दुःखाचा अर्थ आम्ही अनेकदा समजावून सांगितला आहे, पण आमचे ते शब्द तेव्हा तोकडे वाटले. त्या चित्राने रोग बरा केला नाही, करू शकतही नव्हते. परंतु कुजत्या अंगाच्या माणसाला त्याने एक गोष्ट सांगितली: तू देवापासून दूर फेकला गेलेला नाहीस, प्रभूने तुझेच अंग धारण केले आहे.

क्रूसाच्या उजव्या बाजूला बाप्तिस्मा करणारा योहान उभा आहे. त्याचे लांब बोट प्रभूकडे रोखलेले आहे. जवळच त्याचे शब्द लिहिले आहेत, जे योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येतात: आपण लहान होत जावे आणि प्रभू मोठा होत जावा, अशा अर्थाचे. आजाऱ्याच्या खाटेपाशी जाणाऱ्या आम्हा सेवकांसाठी यापेक्षा वेगळा धडा नाही. कमी बोलावे, प्रभूकडे बोट दाखवावे.

येत्या उपवासकाळात मोठ्या मुलांच्या वर्गात हे चित्र दाखवायचे आम्ही ठरवले आहे. ते मुलांना दाखवू नका म्हणणाऱ्या बंधूंनाही बोलावले आहे. मुलांशी आधी बोलणार आहेत मावशी.