वांड मुलांचा बंदोबस्त

सोलापूरच्या भवानी पेठेत, जिथे मागांची खडखड दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होते आणि मांडीवर सूप घेऊन बसलेली आई तेंदूच्या पानाला कात्री लावता लावता एक डोळा हजार विड्यांच्या हिशेबावर व दुसरा रस्त्यावरच्या पोरावर ठेवते, तिथे वांड मुलाची तक्रार ही काही अपूर्व घटना नव्हे. पोरगे शाळेत टिकत नाही, धाकट्या बहिणीला मारते, घरातले पैसे उचलते, दोन दोन दिवस गायब होते. आणि शेजारीण, मास्तर, सासू या तिघांचा निकाल एकच असतो, की आईने लाडावून ठेवले. या निकालाला फार जुना आणि फार सरकारी असा पूर्वेतिहास आहे.

इंग्रजी अमदानीच्या आधी असल्या मुलाचा इन्साफ घर, भाऊबंद आणि तालमीचा वस्ताद एवढ्यांतच आटोपत असे. सरकार या कामात शिरले ते 1850 च्या कायद्याने: किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला एखाद्या कारागिराच्या हाताखाली उमेदवार म्हणून बांधून देण्याची मुभा दंडाधिकाऱ्याला मिळाली. पुढे 1857 साली डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा मुंबईत निघाली, आणि 1897 च्या कायद्याने पंधरा वर्षांखालील अपराधी मुलाला तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षे सुधारशाळेत ठेवता येऊ लागले. मूल उचलून दूर नेले की दोष संपला, ही समजूत या साऱ्यांच्या मुळाशी होती. ज्या घरातून ते उचलले त्या घराकडे कोणी ढुंकून पाहिले नाही.

ते घरही गिरणीने आधीच रिकामे केले होते. 1870 च्या दशकात सोलापुरात कापडगिरणी उभी राहिली आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती शहराच्या पूर्व अंगाला वाढत गेली. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांच्या मुलाला गिरणीत नऊ तास राबवण्यास आडकाठी केली नाही. 1891 साली ही वयोमर्यादा नऊ झाली, 1922 साली बारा. मुलांच्या वयाचे हे आकडे कायदेमंडळांनी कसकशा सावकाशीने वाढवले हे पाहिले म्हणजे भोंग्याच्या वेळा ज्यांना ठाऊक होत्या त्यांना मुलांचे वय ठाऊक नसावे असे वाटते. भोंगा झाला की आई, बाप आणि थोरले भावंड बाहेर. मागे उरलेल्या लेकराला वळण लावायचे कोणी?

परंतु याच शहरात सरकारने घराकडे पाहिले, तेही काटेरी तारेच्या कुंपणाआडून. गुन्हेगार जमातींचा 1871 चा कायदा 1911 साली सुधारून मुंबई इलाख्यालाही लागू झाला, आणि ओ. एच. बी. स्टार्ट या मुलकी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठिकठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनच्या माणसांनी चालवली. कैकाडी, टकारी, मांग-गारुडी, कंजारभाट, पारधी अशा जमातींची कुटुंबे तारेच्या आत, हजेरीच्या बंधनात, बाहेर पडायचे तर परवाना घेऊन. दिवसा गिरणीत काम, रात्री पुन्हा हजेरी. मुलांना शाळा सक्तीची होती, आणि शिक्षणाचा लाभ झालेली माणसे त्यातून निघाली हे नाकारता येणार नाही. पण त्याच कायद्याच्या एका कलमाने सहा वर्षांपुढील आणि अठरा वर्षांखालील मुलांना आईबापांपासून काढून औद्योगिक वा सुधारशाळेत घालण्याची मुखत्यारी सरकारला दिली होती. मूल गुन्ह्यात सापडले म्हणून नव्हे, तर ते कोणाच्या पोटी जन्मले म्हणून. वर्तनाचा दोष रक्तात असतो हा सिद्धांत इतक्या उघडपणे, दफ्तरात नोंद करून, क्वचितच कोठे राबवला गेला असेल. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभर रद्द झाला, तरी ‘सेटलमेंट’ हे वस्तीचे नाव सोलापुरात आजही चालू आहे.

कुटुंबाशी वैर न धरता त्याच्याशी बोलावे, ही कल्पना आली ती वेगळ्या वाटेने. मुंबईच्या नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनचेच क्लिफर्ड मॅन्शार्ड यांनी सुरू केलेल्या कामातून 1936 साली टाटांची समाजकार्याची शाळा निघाली, आणि पुढच्याच वर्षी तिने देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र उघडले, जिथे मुलाइतकेच आईचेही ऐकून घेतले जाई. ज्या मिशनने सोलापुरात कुंपणाआडची हजेरी सांभाळली, त्याच्याच एका माणसाच्या उद्योगातून हे निघावे, याला इतिहासाचा विनोद म्हणावे की प्रायश्चित्त, हे वाचकाने ठरवावे. 1938 साली मुंबईचा परिविक्षा कायदा झाला. कैफियत लिहिण्याआधी घरी जाऊन, चूल पाहून, शेजाऱ्यांना विचारून येणे हे परिविक्षा अधिकाऱ्याचे काम. हा अधिकारी चांगला असला तर पोर घरीच सुधारे, आणि नसला तर रिमांड होमची वाट सोपी होती.

तरीही जुनी समजूत चिवट निघाली. 1986 च्या बाल न्याय कायद्यातसुद्धा ताब्यात न राहणाऱ्या मुलासाठी स्वतंत्र कलम होते: पालकाने तक्रार करावी आणि चौकशीअंती मूल संस्थेत जावे. 2000 च्या कायद्यात ते उरले नाही. भवानी पेठेतल्या ओटीवरून मात्र ‘रिमांड होममध्ये टाकते बघ’ ही धमकी अजून ऐकू येते.

धमकी देणाऱ्या आईला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या हाताशी दुसरे काय आहे? मनोविकारतज्ज्ञ शहराच्या सरकारी रुग्णालयात आहे, पण त्याची वेळ सकाळची आणि विड्या कारखान्यात नेऊन देण्याची वेळही त्याच सुमाराची. शिवाय घरात तेलुगू बोलणाऱ्या बाईला मराठी कागदावर आपल्या मुलाची हकिकत लिहून घेणाऱ्यासमोर अर्धे शब्दच सापडतात. महापालिकेने आपल्या एखाद्या पूर्वभागातील शाळेत, संध्याकाळी, तेलुगू जाणणारा एक समुपदेशक आठवड्यातून दोनदा बसवावा, आणि त्याने आधी आईला खुर्ची द्यावी. त्याला फार मोठी तरतूद लागत नाही.