भाडे ज्याचे, दुरुस्ती त्याची

भाड्याच्या घरातला गिझर बंद पडला किंवा मालकाने दिलेले वॉशिंग मशीन अडून बसले, की खर्च कोणी करायचा यावरून मुंबई-पुण्यात खटके उडतात. यंत्रे नवी असली तरी वाद जुना आहे. मुंबईच्या भाडेकायद्याचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. भाड्याचे उत्पन्न आणि दुरुस्तीची जबाबदारी यांची फारकत झाली की नुकसान दोन्ही बाजूंचे होते. म्हणून ज्या वस्तूचे भाडे घेतले जाते, ती चालू ठेवण्याचा भार भाडे घेणाऱ्याने उचलावा, हेच न्यायाचे आहे.

१८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने घर घेतले तशा स्थितीत परत देण्याचे बंधन भाडेकरूवर घातले, पण वाजवी वापराने होणारी झीज त्यातून वगळली. मालकाने करायची दुरुस्ती त्याने सांगूनही केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, ही मुभाही दिली. हा कायदा घडला तेव्हा भाड्याच्या घरात यंत्रे नव्हतीच. पुढे १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळीतली खोलीही जेमतेम १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. घर देणाऱ्याचे म्हणजे भिंती, छप्पर आणि दार-खिडक्या. स्टोव्ह, कंदील आणि पुढे पंखा व रेडिओ राहणाऱ्याने आणायचे. त्यामुळे दुरुस्ती म्हणजे गळके छप्पर, खचलेला जिना, तुंबलेली मोरी, हेच कायद्यासमोरचे चित्र राहिले.

पहिल्या महायुद्धातल्या टंचाईमुळे १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रण आले. १९४७च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४०ची भाडी प्रमाण मानली आणि त्याच कायद्याच्या २३व्या कलमाने घर राहण्याजोगे ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकले. भाडेकरूला बेघर होण्यापासून वाचवण्याचा हेतू योग्य होता आणि त्याने लाखो गिरणी कामगार व कारकुनांना आधार दिला. पण भाडे गोठले आणि सिमेंट, लाकूड, गवंड्याची मजुरी मात्र वाढत गेली. मालकांनी हात आखडते घेतले आणि चाळी कोसळू लागल्या. अखेर १९६९ साली सरकारला उपकर गोळा करून जुन्या इमारती दुरुस्त करणारे मंडळ स्थापण्यासाठी कायदा करावा लागला. गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले. उत्पन्नाशिवाय लादलेले कर्तव्य कागदावरच राहते, हा या काळाचा धडा.

त्यानंतर लंबक उलट्या टोकाला गेला. भाडेकरूचे संरक्षण टाळण्यासाठी मालक ‘लीव्ह अँड लायसन्स’कडे, म्हणजे भाडेकरू न नेमता केवळ राहण्याचा परवाना देण्याकडे, वळले होते. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या अशा परवानाधारकांना कायद्याने भाडेकरू मानले. नंतर आलेल्यांना ते कवच मिळाले नाही. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे १४वे कलम आजही मालकाला दुरुस्तीस बांधते. नोटिशीनंतरही तो हलला नाही, तर भाडेकरूला वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत खर्च कापता येतो. पण ११ महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ कराराने राहणाऱ्याचे हक्क त्या करारातच शोधावे लागतात. आता भाडे बाजारभावाने मिळते, गिझर आणि एसी असलेल्या घराला जास्त मिळते. कमी उत्पन्नाची जुनी सबब उरली नाही, तरी दुरुस्ती राहणाऱ्याच्या माथी मारणारी कलमे करारात सर्रास दिसतात.

यावर मालकांचा आक्षेप असा, की यंत्र राहणाऱ्याच्या हातात असते आणि हलगर्जी वापराचा भुर्दंड आपण का सोसावा? आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर १८८२च्या कायद्यातच आहे: नासधूस वापरणाऱ्याची, झीज मालकाची. दहा वर्षे चाललेला गिझर अकराव्या वर्षी गळू लागला, तर त्या वर्षी राहायला आलेल्याने सगळ्या वर्षांची झीज का भरावी? दुसरा आक्षेप केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरार कायद्याचा. त्याच्या परिशिष्टात वायरिंग मालकाकडे, तर गिझर, नळ आणि स्विच यांची दुरुस्ती भाडेकरूकडे आहे. पण सामान्य झीज तोही वगळतो आणि करारात वेगळे ठरवण्याची वाट मोकळी ठेवतो. किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करणे सोयीचे आहे. आयुष्य संपलेले यंत्र बदलून देणे हा मात्र घर भाड्याने देण्याच्या व्यवहारातलाच खर्च आहे. तिसरे म्हणणे असे, की करारावर सही स्वेच्छेने होते. पण नोकरीसाठी आठवड्याभरात डोक्यावर छप्पर शोधणाऱ्याला कलमांवर घासाघीस करायला कितीसा वाव असतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे ५५वे कलम इथे उपयोगी आहे. ते लेखी, नोंदणीकृत करार बंधनकारक करते आणि तसा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरते. याच करारात प्रत्येक उपकरणाचे वय आणि स्थिती लिहावी, किरकोळ खर्चाची मर्यादा ठरवावी आणि त्यापुढचा खर्च मालकाचा असे स्पष्ट नोंदवावे. मालकाला वाजवी भाडे आणि राहणाऱ्याला चालू स्थितीतले घर, हे दोन्ही एकाच कराराने बांधले गेले, तरच हा व्यवहार बरोबरीचा होईल.