डांबराच्या आधीची सायकल

सायकलीच्या नादाला लागलेल्या माणसाला आज पहिल्यांदा विचारलं जातं ते हे, की तुमची सायकल कुठली? रस्त्यावरची, रानवाटेवरची की सायक्लोक्रॉसची? त्यातलं तिसरं नाव आपल्याकडे कमी ऐकू येतं, म्हणून थोडं सांगायला हवं. बेल्जियम, नेदरलँड्स, फ्रान्स या भागांत ऐन हिवाळ्यात चिखल, गवत, वाळू आणि पायऱ्या यांतून काढलेल्या अडीच-साडेतीन किलोमीटरांच्या वाटेवर तासभर फेऱ्या मारायच्या, वाट अडली की उतरायचं, सायकल खांद्यावर टाकून पळायचं आणि पुन्हा टांग मारायची, असा हा खेळ. या तिघांची सांगितली जाणारी वंशावळ ठरलेली आहे. रस्त्यावरची शर्यत हा मूळ पुरुष, सायक्लोक्रॉस म्हणजे त्या शर्यतपटूंनी हिवाळ्यात अंग गरम ठेवायला काढलेली तोड, आणि रानवाटेवरची सायकल म्हणजे १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी लावलेला शोध. मला ही वंशावळ उलटी वाटते. सायकल जन्मली ती कच्च्या वाटेवर, आणि तिच्या शर्यतीही तिथेच वाढल्या. गुळगुळीत रस्ता नंतर आला. तो आल्यावर रस्त्याची सायकल घरातून वेगळी निघाली आणि स्वतःला थोरली म्हणवू लागली.

पुरावा म्हणून खुद्द टूर द फ्रान्सच घ्यावी. १९०३ साली ती सुरू झाली तेव्हा सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटर अंतर होतं, आणि वाट होती खडीची, धुळीची, पाऊस आला की राड्याची. १९१० साली शर्यत पिरेनीज पर्वतात नेली, तेव्हा तूरमालेची खिंड म्हणजे गुराख्यांच्या वाटेपेक्षा फार वेगळी नव्हती. पण त्या काळचा 'रस्ता' काय होता हे नीट पाहायचं तर १९१३ सालचा बायोन ते ल्युशाँ हा ३२६ किलोमीटरांचा टप्पा पाहावा. ओजेन क्रिस्तॉफ हा फ्रेंच शर्यतपटू त्या दिवशी एकूण क्रमवारीत सर्वांच्या पुढे जाण्याच्या बेतात होता. तूरमाले उतरताना त्याच्या सायकलीचा पुढचा फोर्क मोडला. नियम असा, की दुरुस्ती स्वतःच करायची, कुणाचा हात लावून घ्यायचा नाही. क्रिस्तॉफनं सायकल खांद्यावर घेतली, पुढचं चाक हातात धरलं आणि खिंडीच्या पायथ्याच्या सेंत-मारी-द-कांपाँ या गावापर्यंत पायी उतरला. गावात लोहाराची भट्टी होती. लोहारानं तोंडी सांगायचं आणि यानं स्वतः लोखंड तापवून, ठोकून, जोडून घ्यायचं, असं सुमारे तीन तास चाललं. शर्यतीचे अधिकारी शेजारी उभे राहून पाहत होते. दोन्ही हात कामात असल्यानं भाता हलवायला त्यानं एका पोराची मदत घेतली, तर तेवढ्यासाठी त्याला दंडाची मिनिटं लागली. क्रिस्तॉफ तरीही शर्यत पुरी करून एकूण सातवा आला.

ही गोष्ट सोशिकपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण सहसा न सांगितला जाणारा तपशील माझ्या मुद्द्याला जास्त उपयोगी आहे. हा क्रिस्तॉफ १९०९ ते १९१४ सलग सहा वर्षं आणि पुन्हा १९२१ साली फ्रान्सचा सायक्लोक्रॉस विजेता होता. सायकल खांद्यावर घेऊन चालणं हा त्याचा सरावाचा भाग होता. आणि त्याचं नुकसान ज्याच्या पथ्यावर पडलं, त्या फिलिप तैसनं, म्हणजे त्या वर्षीची टूर जिंकणाऱ्या बेल्जियन माणसानं, १९१० साली बेल्जियमची पहिली सायक्लोक्रॉस स्पर्धा जिंकली होती. १९१० सालची टूर जिंकणारा ऑक्ताव्ह लापीझ हाही यातलाच. त्यानं टूरमधल्या यशाचं श्रेय सायक्लोक्रॉसच्या सरावाला दिलं, असं या खेळाच्या इतिहासात आवर्जून सांगतात. फ्रान्समध्ये सायक्लोक्रॉसची राष्ट्रीय स्पर्धा १९०२ साली, टूरच्या एक वर्ष आधी भरली. ती भरवण्यामागे दानिएल गूसो हा माणूस होता. घोड्यावरच्या अधिकाऱ्याबरोबर रानातून सायकल हाकताना त्याला ही कल्पना सुचली, असं म्हणतात. ही कथा खरी असो वा रचलेली, साल मात्र बोलकं आहे. ज्याला 'हिवाळ्यातला सराव' म्हणतात तो खेळ टूरच्या आधी उभा होता, आणि टूरचे पहिले महारथी त्यात तयार झाले होते. याचं कारण साधं आहे. रानातली वाट आणि रस्ता यांत तेव्हा फरकच थोडा होता.

हा फरक पडला तो डांबरानं. दोन महायुद्धांच्या दरम्यान आणि विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातले रस्ते मोटारींसाठी गुळगुळीत होत गेले, आणि शर्यतपटूचं शरीर, त्याची सायकल, त्याचे डावपेच सगळे त्या पृष्ठभागाप्रमाणे घडू लागले. बदल किती खोलवर गेला हे पॅरिस-रूबे या शर्यतीवरून कळतं. १८९६ साली ती सुरू झाली तेव्हा दगडी फरसबंदी ही कुणी मुद्दाम आणलेली अडचण नव्हती, उत्तर फ्रान्सचे रस्तेच तसे होते. १९६०च्या दशकापर्यंत ते एकेक करून डांबराखाली गेले, आणि आयोजकांना खराब रस्ता शोधत फिरण्याची पाळी आली. तेव्हा माजी विश्वविजेता ज्याँ स्ताब्लिन्स्की मदतीला आला. तरुणपणी तो त्या भागातल्या कोळशाच्या खाणीत राबलेला होता. आराँबेरच्या जंगलातली दगडी वाट त्यानं दाखवली, आणि १९६८ साली ती शर्यतीत आली. ज्या माणसानं त्या वाटेखाली जमिनीच्या पोटात काम केलं होतं, त्याच्यामुळे ती वाट वाचली. आज त्या वाटेची दगडन् दगड काळजी घेतली जाते. सत्तर वर्षांत जे सर्वत्र होतं ते जतन करण्याची वस्तू झालं, हे लक्षात घेतलं म्हणजे 'रस्ता हेच मूळ' हा समज किती अलीकडचा आहे ते उमगतं.

डांबराच्या जोडीला नियमही आले. टूरचे संस्थापक आँरी देग्रांज गिअर बदलण्याच्या यंत्रणेचे कडवे विरोधक होते. स्पर्धकांना टूरमध्ये डिरेलर वापरायला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. उलट सें-एतिएनचे पॉल द व्हिव्ही, जे 'व्हेलोसिओ' या नावानं लिहीत, ते त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या मासिकातून गिअरचा पुरस्कार करत होते आणि शर्यतींशी संबंध न ठेवता डोंगर पालथे घालत होते. गिअर वाढला तो व्हेलोसिओंसारख्या भटक्यांच्या हातात, स्पर्धेनं त्याला फार उशिरा दार उघडलं. रानवाटेवरचा इतिहासही असाच भटक्यांचा आहे. १९१९च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या 'वेफेअरर' या टोपणनावाच्या लेखकानं वेल्समधला बर्विनचा डोंगर बर्फातून सायकलसह ओलांडला आणि त्यावर लिहिलेल्या लेखानं पुढच्या पिढ्यांना रानात ओढलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या आसपासची काही तरुण मंडळी मोपेडचे स्प्रिंगवाले फोर्क बसवून सायकली रानात घालत होती. १९५५ साली इंग्लंडात 'रफ स्टफ फेलोशिप' ही कच्च्या वाटांवरच्या सायकलस्वारांची संस्था निघाली. कॅलिफोर्निया अजून वीस वर्षं दूर होती.

आणि खुद्द कॅलिफोर्नियातही दुवा सापडतो तो सायक्लोक्रॉसचाच. डिसेंबर १९७४ मध्ये मिल व्हॅली इथे एक सायक्लोक्रॉस शर्यत भरली. क्युपर्टिनो गावची काही मुलं तिथे जुन्या, जाड टायरांच्या, लहान मुलांनी वर्तमानपत्रं टाकायला वापरण्याच्या धाटणीच्या सायकली घेऊन आली. त्या सायकलींना त्यांनी डिरेलर, अंगठ्यानं चालवायचे गिअर आणि ड्रम ब्रेक बसवले होते. मारिन भागातली जी मंडळी पुढे माउंटन बाइकचे जनक म्हणून गाजली, त्यांतल्या गॅरी फिशर आणि जो ब्रीझ यांनी हे जोडकाम तिथे पाहिलं. १९७६ साली फेअरफॅक्सजवळच्या डोंगरउतारावर त्यांची गाजलेली शर्यत सुरू झाली. जुन्या सायकलींचा मागचा हब-ब्रेक त्या उतारावर इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. १९७७ साली ब्रीझनं खास रानवाटेसाठी नवी चौकट बांधली. या तरुणांचं कर्तृत्व मोठंच आहे, पण ते पोरकं नाही. त्याच्या मागे पाऊणशे वर्षांची चिखलातली परंपरा होती, आणि बाजारानं ती सोयीस्करपणे विसरायला लावली, कारण नवा शोध विकणं सोपं जातं.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की गुळगुळीत रस्ता मागितला तो सायकलवाल्यांनीच. हे खरं आहे. मोटार येण्याआधी, १८८०च्या दशकात अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या सायकल संघटनांनीच चांगल्या रस्त्यांसाठी चळवळ उभारली होती, ब्रिटनमधली रस्तेसुधारणा संस्था १८८६ साली त्यांतूनच निघाली. पण कामावर जाताना खड्डा नको असणं वेगळं आणि खेळाची व्याख्याच सपाट रस्त्यावरून करणं वेगळं. ज्यांनी रस्ते मागितले त्यांनी रान सोडून दिलं नव्हतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आजच्या तीन प्रकारच्या सायकली खरोखरच वेगळ्या आहेत, त्यामागे यंत्रशास्त्र आहे, केवळ नियम किंवा बाजार नाही. मी हे बऱ्याच अंशी मान्य करतो. दगडगोट्यांच्या तीव्र उतारावर सस्पेन्शन लागतंच, त्याला पर्याय नाही. पण बाकीच्या भिंती कशाच्या आहेत ते पाहा. सायक्लोक्रॉसच्या मोठ्या स्पर्धांत टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, ही मर्यादा चिखलानं घातलेली नाही, जागतिक संघटनेनं घातली आहे. ही अट नसलेल्या ठिकाणी लोकांनी जरा रुंद टायर, वाकडं हँडल आणि खडीवर चालेल अशी चौकट एकत्र केली, आणि 'ग्रॅव्हल' नावाचा चौथा प्रकार जन्मला. त्याची पहिली जागतिक स्पर्धा २०२२ साली इटलीत झाली. खडीच्या रस्त्यावर एकाच सायकलीनं शे-दोनशे किलोमीटर जायचं, या नव्या प्रकाराला १९०३ साली नुसतं 'सायकल चालवणं' म्हणत.

आणखी एक आक्षेप: आजचं सायक्लोक्रॉस हे रान नव्हेच. तिथे वाट दोरी लावून आखलेली, अडथळे चाळीस सेंटिमीटरपर्यंत उंचीचे मोजून ठेवलेले, चिखल झाला की बदली सायकल देणारे मदतनीस उभे, आणि बेल्जियममध्ये तर तिकीट काढून येणारी गर्दी व टीव्हीचे कॅमेरे. हे सगळं तसंच आहे. पण राखलेली देवराई जशी लहान असली तरी तिच्यात मूळ जंगलातली झाडं टिकलेली असतात, तसं या आखलेल्या वाटेत जुन्या सायकलपटूचं पुरं कसब टिकून आहे. चाक कधी फिरवायचं, कधी उतरायचं आणि कधी खांद्यावर घ्यायचं, हा निर्णय क्षणात घेण्याचं कसब डांबरावर मरतं. ते जगलं याचा पडताळा निकालांतून मिळतो. १९४७ची टूर जिंकणारा ज्याँ रॉबिकच १९५० साली सायक्लोक्रॉसचा पहिला जागतिक विजेता झाला. रॉजर डे व्लामिंक चार वेळा पॅरिस-रूबे जिंकला, आणि १९७५ साली सायक्लोक्रॉसचा विश्वविजेताही होता. मात्यू व्हान डेर पूलनं २०२५ पर्यंत सायक्लोक्रॉसची सात जागतिक विजेतेपदं आणि सलग तीन पॅरिस-रूबे मिळवल्या. फ्रान्सची पोलिन फेराँ-प्रेव्हो हिच्याकडे सप्टेंबर २०१५ मध्ये काही आठवडे रस्ता, सायक्लोक्रॉस आणि माउंटन बाइक ही तिन्ही जागतिक विजेतेपदं एकाच वेळी होती. पुढे २०२४ साली तिनं माउंटन बाइकमध्ये ऑलिम्पिक सुवर्ण मिळवलं आणि २०२५ साली महिलांची टूर द फ्रान्स जिंकली. हे असामान्य लोक आहेत, त्यांच्यावरून नियम बांधू नये, असं कुणी म्हणेल. पण असामान्य माणसं नेहमी याच दारातून का येतात, याचं उत्तर त्याला द्यावं लागेल. महिलांना मात्र हे दार फार उशिरा उघडलं. त्यांची सायक्लोक्रॉसची जागतिक स्पर्धा २००० साली सुरू झाली, पुरुषांच्या नंतर पन्नास वर्षांनी, ही या खेळाच्या कारभाऱ्यांना न शोभणारी गोष्ट आहे.

महाराष्ट्राला हा इतिहास परका वाटण्याचं कारण नाही. आपल्याकडे दूधवाल्यांनी, पोस्टमननी, शाळामास्तरांनी जड काळ्या सायकली पिढ्यान् पिढ्या पाणंदीतून आणि ओढ्यातून काढल्या, चिखलात उतरून ढकलल्या, वेळ आली तेव्हा उचलल्याही. शर्यतीचा विचार आला की मात्र आपल्या डोळ्यांपुढे मुंबई-पुणे आणि बोरघाट उभा राहतो. ती परंपरा अभिमानाची आहे आणि ती राहावीच. पण रस्त्यावरची शर्यत भरवायची म्हणजे वाहतूक थांबवायची, पोलीस बंदोबस्त मागायचा, आणि मुलांना ट्रकांच्या वाटेवर सराव करायला पाठवायचं. सायक्लोक्रॉसला लागते ती शाळेच्या मैदानाला लागून एखादं माळरान, थोडी पाणंद, एखादा चढ आणि बांधावरच्या दोन पायऱ्या, म्हणजे अडीच-तीन किलोमीटरांची फेरी. गिअरची साधी सायकल चालेल, आणि गाव कडेला उभं राहून सगळी शर्यत पाहू शकेल. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सायकल संघटनांनी आणि शाळांनी या डिसेंबरात अशी एकेक शर्यत भरवावी, आणि पहिल्याच वर्षापासून मुलींची शर्यत मुलांच्या बरोबरीनं, त्याच वाटेवर आणि तेवढ्याच बक्षिसाची ठेवावी.