आख्यानपद्धतीतील कल्पितविश्व : विष्णुदास भावे यांच्या नाट्यरचनेचा भूमिकाखेळाच्या संदर्भात पुनर्विचार

प्रस्तावना :

प्रत्येक खेळाडूने एक पात्र धारण करावे, त्या पात्राच्या तोंडचे बोलणे आयत्या वेळी स्वतःच रचावे आणि एका संचालकाने सांगितलेल्या काल्पनिक जगात वावरावे, अशा स्वरूपाच्या खेळास प्रस्तुत लेखात 'भूमिकाखेळ' असे म्हटले आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन या अमेरिकन खेळकर्त्यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराला आजचे रूप मिळाले. असा खेळ रचणाऱ्यापुढे मुख्य प्रश्न असतो तो नव्या अद्भुत जगाच्या उभारणीचा. संवाद कोणीच लिहून दिलेले नसताना अनेकांच्या बोलण्यातून एकच जग कसे उभे राहते व ते मोडून का पडत नाही? हा प्रश्न सांगलीच्या रंगभूमीने त्यापूर्वी एकशे तीस वर्षे प्रत्यक्ष प्रयोगातून हाताळला होता. सांगली-मिरज-कुपवाड या आजच्या एकाच महानगराच्या परिसरात घडलेल्या त्या प्रयोगाचा या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाल्यानंतर संस्थानाधिपती श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी तशा प्रकारचे, परंतु अधिक नेटके खेळ मराठीत करण्याची कामगिरी आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भावे यांच्यावर सोपविली. त्यातून १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' या आख्यानाचा प्रयोग सांगलीत झाला. ५ नोव्हेंबर हा दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रयोगाच्या स्मरणार्थ. १८५१ मध्ये आप्पासाहेबांचे निधन झाले. राजाश्रय सुटल्यावर विष्णुदासांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. १८५३ मध्ये त्यांचे खेळ मुंबईत ग्रँट रोडवरील नाट्यगृहापर्यंत पोहोचले.

कल्पितविश्वाची रचना :

या खेळांत लिखित भाग होता तो केवळ पदांचा. सूत्रधार आरंभापासून अखेरपर्यंत रंगभूमीवर उभा राही. तो साथीदारांसह पद म्हणे, पात्र त्या पदाला अनुसरून अभिनय करी आणि पद संपताच त्यातील आशय स्वतःच्या शब्दांत बोले. म्हणजे प्रसंग ठरलेला, परंतु भाषण नटाचे. ही मोकळीक बेबंद होऊ नये म्हणून विष्णुदासांनी जी व्यवस्था लावली, तिचे तीन घटक सांगता येतात.

पहिला घटक प्रवेशक्रमाचा. सूत्रधाराचे मंगलाचरण, त्यानंतर वनचराच्या वेषातील विदूषकाचे आगमन व दोघांचा विनोदी संवाद, मग गजानन, त्यानंतर सरस्वती आणि शेवटी आख्यान, असा हा क्रम होता. प्रेक्षकाला व्यवहारातून अद्भुतात नेणारी ही पायरी-पायरीची वाट होय. त्यात विदूषकाचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. तो प्रेक्षकांसारखाच या जगाशी अपरिचित असतो, प्रश्न विचारतो, आणि त्याला उत्तरे देता देता सूत्रधार प्रेक्षकांनाही त्या जगाची ओळख करून देतो.

दुसरा घटक पात्रांच्या वर्गवारीचा. नाटक मंडळ्यांत देवपार्टी, राक्षसपार्टी व स्त्रीपार्टी अशी विभागणी रूढ झाली. कोणत्या वर्गाने कसे चालावे, कोणत्या पट्टीत बोलावे, रंगभूमीवर कसे यावे हे ठरलेले असे. राक्षसाच्या आरोळीमुळे या नाटकांना पुढे 'अललडुर्र' असे उपहासाचे नाव मिळाले. परंतु या आरोळीचे कार्य लक्षात घेतले पाहिजे. रंगसाहित्य तुटपुंजे असताना, मशालींच्या उजेडात, एका आवाजासरशी राक्षसाचे जग उभे करण्याचे ते साधन होते.

तिसरा घटक सूत्रधाराच्या अधिकाराचा. नट बहकला, लांबला किंवा अडखळला तर पुढील पद सुरू करून कथेला मार्गावर आणणे सूत्रधाराच्या हाती होते. भूमिकाखेळातील संचालकाचे कार्य याहून फारसे वेगळे नाही. त्याची पाश्चात्त्य वंशावळ प्रशियन सैन्यातील १८२४ च्या युद्धखेळातील पंचापर्यंत मागे नेली जाते. तुलनेसाठी आपल्याकडील सूत्रधार हाही तितकाच उपयुक्त ठरावा.

साम्याच्या मर्यादा :

या दोन प्रकारांत थेट संबंध असल्याचा दावा येथे नाही. भेदही स्पष्ट आहेत. भूमिकाखेळात प्रेक्षक नसतो व फाशांमुळे शेवट अनिश्चित राहतो. आख्यानात धनुष्य रामाकडूनच भंगणार हे सर्वांना ठाऊक असते. तेथील स्वातंत्र्य 'काय घडावे' याचे नसून 'कसे बोलावे' याचे होते. विष्णुदासांचे जग पुराणांतून आले होते, ते नव्याने निर्माण झालेले नव्हते, असाही आक्षेप घेता येईल. परंतु निव्वळ शून्यातून कोणतेच अद्भुत जग निर्माण होत नाही. गायगॅक्स-अर्नेसन यांनीही युरोपीय मध्ययुग व प्रचलित अद्भुतकथा यांचाच आधार घेतला. नवी असते ती मांडणी, म्हणजे परिचित सामग्रीला इतरांनी वावरण्याजोगे नियम देणे. हे नियम मांडणाऱ्याच्या हातून सुटूनही टिकले, तर ते जग खऱ्या अर्थाने उभे राहिले असे म्हणता येते. इचलकरंजीकर, आळतेकर इत्यादी मंडळ्यांनी हीच पद्धती उचलली, हा त्याचा पुरावा होय.

इतिहासलेखनातील प्रश्न :

१८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक आले आणि संवादांसह लिहिलेल्या, तथाकथित 'बुकिश' नाटकांची परंपरा सुरू झाली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने संगीत नाटकाचे युग आणले. या पुढील टप्प्यांच्या मापाने मोजल्यामुळे विष्णुदासांची नाटके ओबडधोबड, केवळ आरंभीची म्हणून महत्त्वाची, असा निवाडा रूढ झाला. या निवाड्यामागे एक गृहीतक आहे : जे छापले गेले तेच नाटक. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'नाट्यकवितासंग्रहा'त विष्णुदासांची पदे आहेत. नटांनी रात्रीमागून रात्री रचलेले संवाद त्यात नाहीत, असणे शक्यही नव्हते. भूमिकाखेळाची नियमपुस्तिका वाचून प्रत्यक्ष खेळाची गोडी जशी ठरविता येत नाही, तशी केवळ पदे वाचून त्या प्रयोगांची योग्यता ठरविता येणार नाही. ज्यांच्या बोलण्याने ते जग जिवंत होत होते, ते नट साहित्याच्या इतिहासातून गळाले. ही हानी केवळ नाट्यशास्त्राची नाही. मौखिक निर्मितीला निर्मिती न मानण्याच्या आपल्या सवयीचे ते फलित आहे.

निष्कर्ष :

विष्णुदासांची आख्यानपद्धती ही अपुऱ्या नाटकाचा नमुना नसून सामूहिक कल्पितविश्व चालविण्याची एक स्वयंपूर्ण व्यवस्था होती. प्रवेशक्रम, पात्रवर्ग व सूत्रधार हे तिचे आधारस्तंभ होत. काल्पनिक जगाची उभारणी ही वर्णनाच्या विपुलतेवर अवलंबून नसून सहभागी व्यक्तींनी मान्य केलेल्या मर्यादांवर अवलंबून असते, हे या उदाहरणावरून दिसून येते. वर्गात 'मराठी नाटकाचे जनक' एवढ्या एका उत्तरात विष्णुदासांना संपविण्याऐवजी, एखाद्या आख्यानाची पदे विद्यार्थ्यांच्या हाती देऊन संवाद त्यांनाच आयत्या वेळी बोलावयास लावावेत आणि ते ध्वनिमुद्रित करून अभ्यासावेत, असे येथे सुचवावेसे वाटते. नटांच्या ज्या कामाचा लेखी पुरावा उरला नाही, त्याचे स्वरूप समजून घेण्याचा तो एक प्रत्यक्ष मार्ग ठरेल.