एक पौंड धान्याचा हिशोब

मुंबईकडून आलेला लोहमार्ग १८६७ साली बडनेऱ्यावरून पुढे नागपूरला पोचला. वऱ्हाडचा कापूस आगगाडीने मुंबईस जाऊ लागला आणि वेळ पडल्यास धान्य आणण्याचीही सोय झाली. तरीही १८९९ चा पाऊस हुकला तेव्हा या काळ्या मातीच्या मुलखात भीषण दुष्काळ पडला. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८.९७ लाख होती, ती १९०१ मध्ये २७.५४ लाखांवर आली. गाडी धान्य आणू शकत होती, पण ते विकत घेण्यास मजुराच्या कनवटीला पैसा नव्हता. पैसा मिळे तो दुष्काळी कामावर, खडी फोडून.

अशा माणसाला रोज किती धान्य लागते? प्रश्न शरीरक्रियाशास्त्राचा होता, पण त्याचे उत्तर आधी तिजोरीने दिले होते.

१८७७ साली दक्षिणेतील दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी उतरवली. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य येईल एवढी रक्कम आणि वर किरकोळ पैसे. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी हरकत घेतली की, कष्टकऱ्याला हा शिधा पुरणार नाही. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

या वादात दोन्ही बाजूंकडे एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे ऊर्जेचे माप. स्नायू काम करताना स्वतःतील प्रथिनेच जाळतात, असे लीबिग यांचे मत होते. १८६५ साली फिक आणि विस्लिसेनस हे दोन शास्त्रज्ञ प्रथिनरहित अन्न खाऊन स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न शिखर चढले. त्यांनी आपल्या लघवीतील नायट्रोजन मोजला. जळलेल्या प्रथिनांतून मिळणारी ऊर्जा एवढ्या चढणीस पुरणारी नव्हती. म्हणजे पिष्ट आणि मेद हेही स्नायूंचे इंधन होते. पण जिवंत माणसाला खोलीत ठेवून त्याची उष्णता मोजणारे अ‍ॅटवॉटर यांचे यंत्र १८९० च्या दशकात आले. दुष्काळ संहितेचा मसुदा १८८३ चा, त्याच्याही आधीचा!

आज हा हिशोब नववीचा विद्यार्थीही करू शकेल. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीतून सुमारे ३५० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे पौंडातून जेमतेम १,६००. पंचेचाळीस किलो वजनाच्या माणसाला नुसते पडून राहण्यासच दिवसाला सुमारे १,३०० लागतात. आठ तास खडी फोडली तर गरज २,८०० च्या घरात जाते. तूट रोजची १,२००.

ही तूट शरीर कोठून भरून काढते? यकृतातील ग्लायकोजेनचा साठा उपाशी माणसाला सुमारे एक दिवस पुरतो. पुढे चरबी जळू लागते, पण मेंदूला ग्लुकोज हवे असते आणि चरबीतून ते फारसे बनत नाही. म्हणून स्नायूंतील प्रथिने मोडली जातात. संपूर्ण उपवास लांबला तर मेंदू चरबीपासून झालेल्या कीटोन द्रव्यांवर बराचसा भागवतो आणि स्नायूंची झीज मंदावते, हे केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात दाखवले. अर्धपोटी राहणाऱ्याचे शरीर मुख्यतः खर्चच कमी करते.

याचा काटेकोर पुरावा अमेरिकेत मिनेसोटा येथे मिळाला. १९४५ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचा आहार होता रोज सरासरी १,५७० किलोकॅलरी. टेंपल यांचा पौंड जवळजवळ हाच! त्या तरुणांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, विश्रांतीतील ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला, नाडी मंदावली, पायांवर सूज आली. हालचाल नकोशी झाली, जिना चढणे जड वाटू लागले. आणि ते खडी फोडत नव्हते; त्यांच्या डोक्यावर छप्पर होते आणि उशाशी डॉक्टर.

आता दुष्काळी कामाकडे पुन्हा पाहू. ठरलेले काम पुरे झाले नाही तर मजुरी कापली जाई. मजुराचे शरीर जगण्यासाठी काटकसर करत होते आणि मुकादमाच्या वहीत तिची नोंद आळस अशी होत होती. मजुरी कापली की धान्य कमी, धान्य कमी की काम आणखी कमी. या चक्रातून पुढे पटकी, हगवण आणि हिवताप आपला वाटा उचलत.

महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात कामांवर सुकडी वाटली गेली, आणि टेंपल यांच्या पौंडानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७७ साली, रोजगार हमीचा कायदा झाला. काम मागणे हा हक्क ठरला.

वर्गात हा हिशोब अवश्य करून घ्यावा. ज्वारीऐवजी तांदूळ घ्या, वजन बदला, कामाचे तास बदला. उत्तरे थोडीफार बदलतील. ‘एखादा मूल वर्गात का पेंगतो?’ असे स्वतःला विचारण्याआधी शिक्षकांनीही हाच हिशोब एकदा मनाशी मांडून पाहावा, एवढेच आमचे सांगणे.